पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी मुलांच्या अंगावर पुरळ: शनिवार-रविवारच्या घरातल्या हॉट टबबद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पवना धरणाजवळ तुमचा बंगला आहे आणि गच्चीवर पाच जणांचा, १,२०० लिटरचा ॲक्रिलिक टब आहे. तुम्ही सगळे शनिवार-रविवारी तिथे जाता. केअरटेकर काका तरंगत्या डबीत क्लोरीनची मोठी गोळी ठेवतात. गेल्या रविवारी टबात बसलेल्या तिन्ही मुलांच्या पोटावर आणि मांड्यांवर मंगळवारी खाजणारे लाल फोड उठले. पाणी मात्र अगदी स्वच्छ दिसत होतं. म्हणून तुम्ही विचारलंय की गोळी बदलायची, दोन टाकायच्या की यूव्ही दिवा बसवायचा. शिवाय आईचे गुडघे दुखतात आणि धाकट्या बहिणीला चौथा महिना आहे, तर त्यांनी टबात बसावं का, हेही.

मी १८ वर्षं लोणावळा ते पाचगणी या पट्ट्यात तलाव आणि हॉट टबांची देखभाल करतो. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहिलंय, पण माझी नजर तिथेच अडली: "रविवारी रात्री आम्ही निघालो की काका एमसीबी खाली करतात, उगाच वीज जायला नको." एमसीबी म्हणजे टबाच्या विजेचा स्विच, तो खाली केला की पंपही बंद. पुरळ बहुधा तिथून आलंय. गोळी हा पुढचा मुद्दा आहे, तिच्याकडे येतोच. शनिवारी टबात काय टाकायचं यापेक्षा सोमवार ते शुक्रवार त्या पाण्याचं काय होतं, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

आधी मुलांचं. गरम टबानंतर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उठणारं, ओला पोहण्याचा कपडा अंगाला चिकटून राहतो तिथे जास्त दिसणारं, केसांच्या मुळाशी बारीक पू धरणारं पुरळ बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूमुळे येतं. निरोगी मुलांमध्ये ते साधारण आठवड्याभरात आपोआप मावळतं. पण मी डॉक्टर नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवताना "आम्ही हॉट टबात बसलो होतो" हे आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर घामोळं किंवा ॲलर्जी समजून भलतंच मलम हातात पडतं. ताप आला, कान दुखायला लागला किंवा फोड पसरत गेले तर वाट पाहू नका.

आता पाणी स्वच्छ कसं दिसत होतं? पाणी गढूळ दिसायला त्यात धूळ, तेल, क्षार असं काहीतरी तरंगावं लागतं, आणि ते सगळं फिल्टर अडवतो. जिवाणू दिसत नाहीत. शिवाय त्यांची खरी वस्ती पाण्यात नसते, पाइपांत असते. टबाच्या पोटात जेटचे बरेच मीटर पाइप असतात. त्यांच्या आतून एक बुळबुळीत थर धरतो, नदीतल्या दगडावर असतो तसा. हा थर एकदा जमला की वरून जाणारा क्लोरीन आतल्या जिवाणूंपर्यंत नीट पोहोचत नाही. तुम्ही जेट सुरू करता तेव्हा पाण्याचा जोर त्याचेच कण सुटे करून टबात आणतो. तुमच्या टबात हा थर आहे का, हे हाताने कळतं. पाण्याच्या रेषेच्या जरा खाली ॲक्रिलिकवर बोट दाबून फिरवा. धुतलेल्या ताटावर फिरवल्यासारखी करकर व्हायला हवी. बोट सटकलं, लोण्यासारखं गेलं, तर पाइपांत काय असेल याचा अंदाज करा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण जवळजवळ प्रत्येक घरात तो भेटतो. आपण सगळ्यालाच "जकुझी" म्हणतो. जकुझी हे पंप बनवणाऱ्या एका इटालियन-अमेरिकन कुटुंबाचं आडनाव. त्यातल्या एका भावाच्या मुलाला लहानपणीच संधिवात झाला. त्याला घरच्या टबात पाण्याचा मसाज मिळावा म्हणून त्यांनी पंप तयार केला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आणला. टबातच जेट बसवलेलं मॉडेल १९६८ मध्ये आलं. ते न्हाणीघरातले टब होते. आंघोळ झाली की बूच काढायचं, पाणी गेलं. तुमच्या गच्चीवर आहे तो प्रकार वेगळा. त्यात तेच पाणी आठवडेच्या आठवडे राहतं. म्हणजे तो पोहण्याचा तलाव आहे, फक्त फार लहान आणि फार गरम. चार माणसं १,२०० लिटरमध्ये बसली की माणशी ३०० लिटर पाणी आलं. लाख लिटरच्या तलावात एकाच वेळी ३३३ माणसं उतरवली तर जे होईल ते तुमच्या टबात दर शनिवारी होतं. घाम, तेल, त्वचेचे कण हे सगळं क्लोरीन खातं. चार जण अर्धा तास बसले की आधी असलेला ३ पीपीएम (म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम) क्लोरीन बहुतेक वेळा शून्यावर आलेला असतो.

मग तुमचा आठवडा कसा जातो बघा. रविवारी रात्री क्लोरीन संपलेला, पाण्यात माणसांचं सगळं सोडलेलं, तापमान ३८. काकांनी एमसीबी खाली केला. पंप थांबला, पाइपांतलं पाणी जागच्या जागी. वर जाड झाकण असल्याने पाणी हळूहळू गार होतं आणि पुढचे काही दिवस २५ ते ३५ अंशांच्या मध्ये राहतं. जिवाणूंना यापेक्षा चांगली ऊब मिळणार नाही. तरंगती गोळी आपल्या जागी विरघळत असते, पण पाणी फिरतच नाही, त्यामुळे तिचा क्लोरीन पाइपांत जात नाही. शुक्रवारी रात्री एमसीबी वर, हीटर चालू. शनिवारी जेट लावले की पाच दिवस मुरलेलं सगळं टबात. वर फेस, वाफ, आणि मुलं.

वाफेचं बोललो म्हणून पुरळापेक्षा गंभीर गोष्ट सांगायलाच हवी. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर अनेकांना विचित्र न्यूमोनिया झाला. ज्या जिवाणूमुळे तो झाला त्याचं नाव त्या अमेरिकन लीजनवरून लेजिओनेला पडलं. साधारण २० ते ४५ अंश तापमानाच्या पाण्यात तो वाढतो, त्याच बुळबुळीत थरात राहतो आणि बारीक तुषारांबरोबर श्वासात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावी फुलांच्या प्रदर्शनात दिखाव्यासाठी चालू ठेवलेल्या गरम टबांशी जोडलेल्या साथीत ३० हून अधिक माणसं गेली. त्यातले बहुतेक जण टबात उतरलेही नव्हते, नुसते शेजारून चालत गेले होते. म्हणून आईंनी "मी नाही बसत, इथे खुर्चीवर बसते तुमच्याजवळ" म्हटलं तरी वाईट पाण्यात त्या सुरक्षित नाहीत. पन्नाशीपुढची माणसं, धूम्रपान करणारे, फुप्फुसाचा किंवा मधुमेहाचा त्रास असलेले यांना धोका जास्त. टबानंतर २ ते १४ दिवसांत कुणाला ताप, खोकला, धाप असं काही झालं तर डॉक्टरांना टबाचं सांगा. नेहमीच्या न्यूमोनियाला दिली जाणारी काही प्रतिजैविकं याच्यावर चालत नाहीत, त्यामुळे त्या एका वाक्याने उपचार बदलू शकतो.

घाबरवायला सांगत नाही. नीट राखलेला टब सुरक्षित असतो, माझ्या देखभालीतले बरेच टब वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेत. पण तो राखावा लागतो.

आता गोळी. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून ती टीसीसीए ९० ची (तलावात वापरतात ते सावकाश विरघळणारं क्लोरीन) २०० ग्रॅमची गोळी आहे. तलावासाठी ती उत्तम. टबात मी ती कधीच ठेवू देत नाही. कारण हिशेबात आहे. या गोळीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग सायन्युरिक ॲसिड असतो, ज्याला आमच्याकडे स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, पण त्याला धरूनही ठेवतं, त्यामुळे त्याची मारण्याची ताकद मंदावते. एक गोळी पूर्ण विरघळली की १,२०० लिटरमध्ये स्टॅबिलायझर सुमारे ९० पीपीएमने वाढतो. तो हवेत उडत नाही, उन्हाने जात नाही, पाणी बदललं तरच जातो. चार गोळ्यांनंतर तुमच्या टबात तो ३५० च्या पुढे असेल. पाणी तपासायचं किट "क्लोरीन आहे" म्हणेल आणि तो क्लोरीन जवळजवळ हात बांधलेला असेल. वर ही गोळी आम्लधर्मी, तिने पीएच खाली येतो, हीटरचा धातू खातो, आणि बंद झाकणाखाली जमलेला क्लोरीन वायू झाकणाची आणि उशांची रया घालवतो. दोन गोळ्या टाकल्या तर हे सगळं दुप्पट.

यूव्ही आणि ओझोनबद्दल: असेल तर वाईट नाही, पण तो दिवा त्याच्यासमोरून जाणाऱ्या पाण्यापुरता. टबाच्या भिंतीवर, पाइपांच्या थरात त्याचं काही चालत नाही, आणि तुमचा पंपच पाच दिवस बंद. तो खर्च सध्या करू नका.

मग करायचं काय? या शनिवारी कुणीही टबात उतरायचं नाही. तो दिवस साफसफाईचा.

पाणी लगेच सोडू नका, आधी त्याच पाण्यातून पाइप धुवायचे. झाकण उघडा, फिल्टर काढून बाजूला ठेवा आणि पाइप साफ करायचं स्पाचं लाइन क्लीनर मिळालं तर ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे घाला. सगळे जेट आणि हवेच्या चाव्या पूर्ण उघडून तास-दीड तास चालवा, माणसं लांब ठेवा. पाण्यावर काय येतं ते काकांना समोर उभं करून दाखवा. गेल्या वर्षी एका बंगल्यात मी हे केलं तेव्हा पाणी तसंच स्वच्छ होतं. वीस मिनिटांत वर तपकिरी फेस आला. ओल्या टिश्यू पेपरचे तुकडे असावेत तशा करड्या चिंध्या जेटच्या तोंडातून एकेक करून बाहेर पडायला लागल्या. मालकीणबाई बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "यात आम्ही बसत होतो?" त्या टबाचं पाणी बदलणं आता कधी चुकत नाही.

मग टब पूर्ण रिकामा करा, सीटखाली आणि फिल्टरच्या खळग्यात साठलेलं पाणीही कापडाने टिपून. भिंती मऊ स्पंजने घासा, तारेचा चोथा नको. झाकणाची आतली बाजू विसरू नका, तिथेही बुळबुळ असते. फिल्टरचं कार्ट्रिज वर्ष उलटलेलं असेल तर नवीनच आणा. हल्लीचं असेल तर कार्ट्रिज क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून प्रत्येक घडी नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर मारलात तर कापडाच्या घड्या फाटतात. टब परत भरला की क्लोरीन १० पीपीएमपर्यंत चढवा, झाकण उघडं ठेवून जेट चालवा आणि रात्रभर तसंच फिरू द्या. दुसऱ्या दिवशी तो ५ पीपीएमच्या खाली आला, पीएच जागेवर असला, की टब वापराचा.

यापुढचं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे दोन वाटा सांगतो.

काका बंगल्यातच राहत असतील आणि रोज दहा मिनिटं मनापासून देणार असतील, तर पाणी जिवंत ठेवा. एमसीबीला हात लावायचा नाही. वीज वाचवायची असेल तर पॅनेलवर इकॉनॉमी किंवा स्लीप मोड असतो तो लावा, तापमान खाली आणा. हीटर कमी चालला तर बिघडत नाही, पंप थांबला की बिघडतं. माझ्याकडच्या बहुतेक टबांत मंद गतीवर दिवसाचे सहा तास पंप चालायला साधारण २ युनिट लागतात. १,२०० लिटर पाणी २५ वरून ३८ अंशांवर चढवायला मात्र १८ युनिट जातात. यावरून काय वाचतं ते तुम्हीच ठरवा.

काका शेजारच्या गावातून दोन दिवसांआड येत असतील, किंवा तुम्ही महिन्यातून एकदाच जात असाल, तर माझं स्पष्ट मत: टब भरलेला ठेवूच नका. शुक्रवारी भरा, रविवारी रिकामा करा, झाकण फटीपुरतं उघडं ठेवून सुकू द्या. पाइपांत थोडं पाणी राहतंच, म्हणून पुढच्या वेळी भरल्यावर माणसं उतरण्याआधी १० पीपीएमवर तासभर जेट. पाणी जास्त जातं हे खरं. टँकरवर अवलंबून असाल तर उन्हाळ्यात टब बंदच ठेवावा लागेल. पण अर्धवट राखलेल्या पाण्यापेक्षा रिकामा टब बरा, हे मी १८ वर्षांच्या अनुभवाने सांगतो.

पाणी ठेवणार असाल तर क्लोरीन कुठला? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं म्हणणं, हॉट टबात स्टॅबिलायझरवालं काही नकोच. मी गच्चीवरच्या, उन्हातल्या टबात मधला मार्ग घेतो. नवीन पाण्यात सुरुवातीला डायक्लोरची पावडर (हेही स्टॅबिलायझरवालंच क्लोरीन), एकूण ६० ग्रॅमच्या आसपास होईपर्यंत. तेवढ्याने स्टॅबिलायझर २५-३० पीपीएम होतो, तो पुरे. मग पातळ सोडियम हायपोक्लोराइट, ताजं. १,२०० लिटरला ३ पीपीएम चढवायला ५६ टक्क्यांचं डायक्लोर साडेसहा ग्रॅम लागतं, किंवा १० टक्क्यांचं हायपो ३६ मिली. हायपोचा कॅन उन्हात ठेवला तर महिन्याभरात निम्मा पांचट होतो, म्हणून छोटा कॅन घ्या. गावात ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळते, ती टबात नको. तिच्यातला चुना हीटरवर बसतो. तुमचं बोअरचं पाणी आधीच जड असणार. तो खडूसारखा थर हीटरवर चढला की हीटर जळतो. शक्य असेल तर भरताना निम्मं पाणी साठवलेलं पावसाचं वापरा.

आकडे एवढेच लक्षात ठेवा. मोकळा क्लोरीन बसण्याआधी किमान ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवणारे क्षार) ८० ते १२० पीपीएम. पीएचला लोक महत्त्व देत नाहीत, पण क्लोरीनची धार त्याच्यावर आहे. ७.५ ला त्याचा साधारण निम्मा भाग कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव. जेटच्या बुडबुड्यांनी पीएच आपोआप वर चढत राहतो, त्यामुळे दर आठवड्याला ड्राय ॲसिडची चिमूट लागतेच. अल्कलिनिटी कमी पडली तर खायचा सोडा चालतो, १,२०० लिटरला २० ग्रॅमने ती दहाने वाढते.

मोजायचं कशाने हा मुद्दा तुमच्याकडे नक्की चुकतोय. काका जे पिवळं होणारं औषध टाकतात ती ग्रामपंचायतीची ओटी टेस्ट. पिण्याच्या पाण्यासाठी ती वर्षानुवर्षं वापरात आहे, पण ती एकूण क्लोरीन दाखवते. घाम-लघवीला चिकटून निकामी झालेला क्लोरीनही तीत पिवळाच दिसतो. तुम्हाला गुलाबी होणारं डीपीडी किट हवं, ते मोकळा क्लोरीन वेगळा दाखवतं. एक खाचखळगा त्यातही आहे: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उडून पाणी पांढरं राहतं आणि काका "काहीच नाही" समजून आणखी टाकतात. शंका आली तर टबाचं पाणी साध्या पाण्यात निम्मं करून परत बघा. आणि झाकण उघडल्यावर डोळे चुरचुरणारा "क्लोरीनचा" वास आला, तर क्लोरीन जास्त झाला असं समजू नका. तो निकामी क्लोरीनचा वास असतो, म्हणजे ताज्याची गरज आहे. चांगल्या टबाला जवळजवळ वास नसतो.

रोज एकदा मोजायचं, माणसं बसणार असतील त्या दिवशी आधी आणि नंतर. नंतरचं जास्त महत्त्वाचं. रविवारी निघायच्या घाईतही शेवटचा माणूस बाहेर आला की क्लोरीन १० पर्यंत चढवून, झाकण अर्धा तास उघडं ठेवून मगच निघा. दर आठवड्याला फिल्टर धुवा, महिन्यातून एकदा भिजवा. पाणी साधारण दर महिन्याला बदला. लिटरचे अमेरिकन गॅलन करून, त्याला तीनने आणि रोजच्या माणसांनी भागायचं अशी जुनी रीत आहे. रोज चार जण बसले तर तुमच्या टबाचे २६ दिवस येतात. तुम्ही आठवड्यातून दोनच दिवस बसता, तरी मी दीड-दोन महिन्यांपुढे जाऊ देणार नाही. सोडताना झाकण दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन शून्यावर येऊ द्या आणि ते पाणी झाडांना घाला, ओढ्यात किंवा धरणाच्या दिशेने सोडू नका.

दिवाळीचं एक. अभ्यंगस्नान झालं, अंगाला तेल-उटणं आहे आणि "चला, टबात बसू" असं दर दिवाळीला कुठेतरी होतं. दुसऱ्या दिवशी मला फोन येतो, टबावर वीतभर फेस आहे आणि फिल्टर तेलकट चिंधी झालाय. रंगपंचमीलाही तेच. टबात उतरण्याआधी साबणाने आंघोळ, साबण नीट धुऊन टाकलेला, केसांना तेल नको. पोहण्याचे कपडे नुसत्या पाण्यात धुतलेले असावेत, डिटर्जंटचा फेसही टबातच येतो.

आता माणसांचं. बहिणीने बसू नये. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या महिन्यांत, शरीराचं तापमान असं वाढणं बाळासाठी धोक्याचं मानलं जातं. पाय सोडून काठावर बसायलाही तिच्या डॉक्टरांना विचारूनच. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात नेऊच नका, त्यांचं अंग फार लवकर तापतं. मोठी मुलं डोळ्यांसमोर, आणि डोकं पाण्याखाली घालायचं नाही.

आईंच्या गुडघ्यांना गरम पाण्याने आराम पडू शकतो. पण त्या बीपीची गोळी घेतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो आणि माणूस उठून उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. गच्चीच्या ओल्या फरशीवर ती अंधारी फार महाग पडते. डॉक्टर हो म्हणाले तर पाणी ३७, वेळ दहा मिनिटं, शेजारी कुणीतरी, जेवण होऊन तास उलटलेला, आणि बाहेर येण्याआधी काठावर दोन मिनिटं बसणं. बाकी सगळ्यांसाठी ४० ही शेवटची मर्यादा, तिथे पंधरा मिनिटांवर नाही. आपल्या हवेत ३८ भरपूर होतं. दारू आणि टब एकत्र नको, यात मी कुणालाही सूट देत नाही.

लांब केस बांधूनच उतरायचं. तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढतो. २००२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाच्या सात वर्षांच्या ग्रेम बेकर या मुलीला अशाच टबातल्या ओढीने धरून ठेवलं आणि ती वाचली नाही. तिच्या आईने लावून धरल्यावर २००७ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला आणि सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. तुमच्या टबाची जाळी हलते का, तडकली आहे का, हे दर वेळी पाहायचं. तुटली असेल तर टब बंद. पंपाचा स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, माहीत हवं. पण तो टबात बसून हात पोहोचेल असा नको.

वीज आणि गच्ची या दोन गोष्टींवर मी इथून काही सांगणं बरोबर नाही, तिथे माणूसच यायला हवा. टबाच्या लाइनवर ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून लिहून घ्या आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. भरलेला टब माणसांसकट साधारण १,९०० किलो होतो, म्हणजे चौरस मीटरला चारशेच्या वर. घराच्या गच्चीचा स्लॅब आपल्याकडे साधारण दीडशेचा धरून काढलेला असतो. बंगला बांधताना टब आराखड्यात होता का? नसेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, मग टब भरा. मे महिन्यात वळीव आला, वीज कडाडली की सगळ्यांनी लगेच बाहेर.

शेवटचं, उरलेल्या टीसीसीएच्या डब्याचं. तो घरात ठेवू नका, कचऱ्यात तर नाहीच. एका बंगल्यात मी डोळ्यांनी पाहिलंय: टीसीसीएच्या डब्यातला मग जरा ओला होता, तोच टीसीएलच्या पिशवीत घातला. आधी फसफस, मग पिशवी गरम, मग पिवळट धूर. खोलीला खिडकी होती म्हणून तो मुलगा वाचला. हे दोन क्लोरीन एकमेकांना शिवू द्यायचे नाहीत, ॲसिड तर त्यांच्या खोलीतही नको, आणि औषध नेहमी पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी कधीच नाही. डबा मूळ झाकणासह, कोरडा, ओळखीच्या कुणाचा मोठा तलाव असेल त्यांना देऊन टाका, त्यांच्या तो कामाचा आहे. काकांसाठी डायक्लोरच्या डब्यात एक सुका, वेगळ्या रंगाचा चमचा ठेवा आणि साडेसहा ग्रॅम म्हणजे त्या चमच्याचं नेमकं किती, हे एकदा किचनच्या काट्यावर त्यांच्यासमोर मोजून दाखवा.